हंपीचे धोंडे आणि विहिरीतला मुरूम

हंपीतल्या मातंग टेकडीच्या पायऱ्या मी पहाटे चढू लागलो, तेव्हा सर्वप्रथम जाणवला तो दगडाचा पोत. सह्याद्रीच्या काळ्या बेसॉल्टची सवय असलेल्या तळव्यांखाली इथे गुलाबी-करडा, खरखरीत ग्रॅनाईट होता आणि त्यातील फेल्डस्पार या खनिजाचे मोठे स्फटिक नुसत्या डोळ्यांनी ओळखू येत होते. हा खडक सुमारे २५० कोटी वर्षांपूर्वी जमिनीखाली खोलवर शिलारस थिजून तयार झाला.

माथ्यावरून तुंगभद्रेच्या दोन्ही तीरांवर धोंड्यांच्या राशी दिसतात. किष्किंधेतील वानरांनी ते भिरकावले, अशी इथली आख्यायिका आहे, आणि त्या राशी पाहताना ती सुचणे स्वाभाविकही वाटते. प्रत्यक्षात यांतील बहुतेक धोंडे आपली जागा सोडून कुठेही गेलेले नाहीत. त्यांच्या आजूबाजूचा खडक मात्र गेला आहे.

हे मला नीट उमगले ते दुपारी, कमलापूरच्या वाटेवर खोदकाम चालू असलेल्या एका विहिरीपाशी. विहिरीच्या ताज्या कडेत पिवळसर मुरूम होता, इतका भुसभुशीत की बोटांनी सहज कुस्करावा, आणि त्यात मधूनमधून घट्ट, वाटोळे दगड रुतलेले होते. पांढऱ्या गारेची, म्हणजे क्वार्ट्‌झची, एक बारीक शीर मुरमातून निघून एका दगडात शिरली होती आणि पलीकडच्या मुरमात तशीच पुढे गेली होती. म्हणजे मुरूम आणि दगड हे मुळात एकाच अखंड खडकाचे भाग होते.

ग्रॅनाईटला उभ्या-आडव्या चिरा असतात. हवेतील आणि मातीतील कार्बन डायऑक्साइड विरघळून किंचित आम्ल झालेले पावसाचे पाणी त्या चिरांतून खाली उतरते, फेल्डस्पारमधील पोटॅशियम व सोडियम धुऊन नेते आणि मागे चिकणमाती ठेवते. काळे अभ्रक फुगते, त्यातील लोह गंजते आणि क्वार्ट्‌झचे कण सुटे होतात. चौकोनी ठोकळ्याच्या कोपऱ्यावर पाणी तीन बाजूंनी, कडेवर दोन बाजूंनी आणि सपाट अंगावर एकाच बाजूने काम करते, म्हणून कोपरे आधी झिजतात आणि गाभा गोल होत जातो. पुढे नदी-ओढ्यांनी मुरूम वाहून नेला की धोंडे उघडे पडतात. हंपीचे हे सारे रूप मुख्यतः जमिनीखालच्या अंधारात घडले, ही गोष्ट मला त्या रूपाहूनही विलक्षण वाटते.

आज हा मुलूख पर्जन्यछायेत आहे आणि भोवती काटेरी झुडपे आहेत. मात्र केवळ गोल धोंडे पाहून पूर्वी इथे भरपूर पाऊस पडत होता असे म्हणणे घाईचे ठरेल, कारण पुरेसा अवधी आणि दाट चिरा असतील तर कमी पाण्यातही खडक खोलवर कुजतो. खरी साक्ष मातीची असते. उष्ण-दमट हवेत, पाण्याचा निचरा होत राहिला तर केओलिनाइट नावाची चिकणमाती तयार होते. पाणी कमी आणि निचरा मंद असेल तर फुगणारी, भेगाळणारी माती बनते. जवळच्या संडूर टेकड्यांतील जांभ्यासोबतच्या मँगनीज खनिजांचे वय आर्गॉनच्या समस्थानिकांवरून काढले गेले आहे, आणि त्यातून सुमारे ३.६ ते २.६ कोटी वर्षांपूर्वीच्या तीव्र विदारणाचा, म्हणजे खडक कुजण्याचा, काळ समोर येतो. तेव्हा हा भूभाग विषुववृत्ताला आजच्यापेक्षा जवळ होता. हंपीचा मुरूम त्याच काळातला आहे असे एवढ्यावरून ठरत नाही. त्यासाठी त्याच मुरमातली माती तपासावी लागेल.

निघताना मी खोदणाऱ्या काकांना, आमच्या चालकामार्फत, अजून किती खाली जायचे असे विचारले. घट्ट खडक लागेपर्यंत, ते म्हणाले, आणि तोवर असे गोल धोंडे निघतच राहतील.