दोन-तीन दिवसांचाच स्टॉपओव्हर असेल तर स्वित्झर्लंडमधलं धबधब्यांचं गाव लाउटरब्रुनेन
पहिल्यांदाच युरोपात उतरताय, हातात जेमतेम दोन-तीन दिवस आणि डोंगर-झाडांचं वेड, मग पॅरिस-रोमच्या रांगांत वेळ घालवूच नका असं मी अगदी मनापासून सांगते. निसर्गासाठी आइसलँड सुचवणाऱ्यांसारखं मलाही ते भयंकर आवडतं, पण तिथे गाडी चालवावी लागते, हवा क्षणात फिरते, नवख्यांना दोन दिवसात दमायला होतं.

त्यापेक्षा झुरिकला उतरा. स्टेशन एअरपोर्टच्या खालीच आहे, ट्रेन पकडायची, इंटरलाकेनला बदलायची, की साधारण अडीच-तीन तासात लाउटरब्रुनेन! दोन्ही बाजूंना सरळसोट कडे आणि गावाच्या डोक्यावरच जवळपास ३०० मीटरवरून पडणारा श्टाउबबाख धबधबा, पाणी खाली येईपर्यंत त्याचे नुसते तुषार होतात, खाली उभं राहिलं की चेहरा ओला. तिथून डोंगराच्या आत असलेल्या ट्र्युमेलबाख धबधब्यांना चालत जा, हिमनद्यांचं पाणी डोंगराच्या पोटातून इतकं धडधडत येतं की पायाखालचा खडक थरथरतो (हिवाळ्यात बंद असतं हं).

आणि एवढाही वेळ नसेल, एकच दिवस असेल, तर शाफहाउजनजवळचा राइन धबधबा, झुरिकपासून तासाभरावर. उंची फक्त २३ मीटर, पण रुंदी १५० मीटर, उन्हाळ्यात बर्फ वितळतं तेव्हा काय रूप असतं त्याचं!