आमची वाटचाल : नाटकाच्या अँप्लिफायरपासून जुन्या संगणकापर्यंत

फोंड्याच्या बाजारात एका जिन्याखालच्या जागेत आम्ही दुरुस्तीचे दुकान थाटले, तेव्हा आमची निम्मी मिळकत देवळांतल्या उत्सवी नाटकांच्या अँप्लिफायरांवर चालत असे. जत्रा संपल्या की टीव्ही आणि पावसाळ्यात विजेच्या लपंडावाने जळलेले इन्व्हर्टर, असे वर्षाचे चक्र ठरलेले होते. पुढे दुरुस्तीपेक्षा नवा टीव्ही घेणे लोकांना परवडू लागले. जुन्या संगणकांकडे आम्ही वळलो ते हौसेने नव्हे, तर टेबल रिकामे राहू लागले म्हणून.

पहिले यंत्र एका निवृत्त मास्तरांनी आणले. १९८४ साली केंद्र सरकारने शाळांसाठी सुरू केलेल्या 'क्लास' या संगणक साक्षरता योजनेत बीबीसी मायक्रो संगणक वापरले गेले होते; तसाच, भंगारात निघालेला एक मास्तरांनी जपून ठेवला होता. या यंत्रांच्या वीजपुरवठ्यातील फिल्टर कपॅसिटरला दमट हवेत चिरा जातात आणि तो धूर सोडतो, हे ठाऊक असल्याने यंत्र सुरू करण्यापूर्वीच आम्ही तो बदलला. संगणक चालू झाला. पण मास्तरांना त्यातली ३२ किलोबाइट मेमरी पुरेना. रॉमच्या, म्हणजे फक्त वाचता येणाऱ्या कायमच्या मेमरी चिपच्या, रिकाम्या सॉकेटमध्ये बसणारी जास्तीची रॅम (लिहिता-वाचता येणारी मेमरी) त्यांना हवी होती आणि ती आम्हीच बनवावी असा त्यांचा आग्रह होता.

काम सोपे वाटले. ६२२५६ ही ३२ किलोबाइटची स्टॅटिक रॅम २८ पिनांची असते आणि तिच्या बहुतेक पिना रॉमच्या पिनांशी जुळतात. फक्त २७ क्रमांकाची पिन, म्हणजे लेखनाची, बाहेर वाकवून तिला तारेने प्रोसेसरच्या रीड-राइट पिनेशी जोडायचे. तसे केले, यंत्रातल्याच बेसिक या प्रोग्रॅमिंग भाषेतून तपासणीचा प्रोग्रॅम चालवला आणि पडदा गोठला.

आम्ही चिप बदलली, सॉकेट बदलले, सोल्डर पुन्हा केले. काळवंडलेल्या पिना आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसल्यावर यंत्र एकदा नीट सुरू झाले, तेव्हा दोष सापडला असे वाटून चहाही मागवला. तासाभरात पुन्हा तेच. चूक मोड्यूलमध्ये नव्हतीच, निदान तेव्हा दिसत होती ती तरी. बेसिक ज्या १६ किलोबाइटच्या जागेत बसते, तिथेच हे रॅमचे मोड्यूल आणायचे असते. त्या जागेत कोणते सॉकेट दिसावे हे ठरवणारा निवडीचा आकडा बेसिकमधून हेक्स (सोळा-आधारी अंकांतल्या) एफई३० या पत्त्यावर लिहिला की बेसिक स्वतःच पायाखालची फांदी तोडते. शिवाय ऑपरेटिंग सिस्टिम हाच आकडा हेक्स एफ४ येथेही ठेवते. तो तिथे बदलला नाही, तर पुढच्या इंटरप्टला, म्हणजे प्रोसेसरचे काम मध्येच थांबवणाऱ्या संकेताला, जुनी निवड परत येऊ शकते. मुख्य मेमरीत राहणारा छोटा मशीन कोड प्रोग्रॅम लिहिल्यावरच खरी तपासणी सुरू झाली.

आता मेमरी दिसत होती, पण लबाड होती. लिहिलेला बाइट बरोबर वाचता येई, मात्र दुसऱ्याच कुठल्या तरी पत्त्यावरचा बाइट बिघडलेला सापडे. शेजारी बसून कॉलेजचा अभ्यास करणारी माझी मुलगी म्हणाली, "बाबा, लिहायचा हुकूम जरा आधीच जात नाही ना?" ऑसिलोस्कोपवर पाहिले तर तसेच होते. या यंत्रातला ६५०२ प्रोसेसर प्रत्येक चक्राच्या सुरुवातीला पत्ता आणि रीड-राइट संकेत जवळजवळ एकाच वेळी बदलतो. पत्त्याच्या सगळ्या तारा स्थिर होण्यापूर्वीच रॅमला लेखनाची आज्ञा मिळत होती. ७४एलएस०० या नॅन्ड गेटांच्या चिपमधल्या दोन गेटांनी, एकाने संकेत उलटवून आणि दुसऱ्याने तो चक्राच्या उत्तरार्धात चालू असणाऱ्या फाय-२ या घड्याळ-संकेताशी जोडून, ही आज्ञा चक्राच्या उत्तरार्धापुरतीच ठेवली. त्या रात्री तपासणी आठ तास चालली आणि एकही बाइट बिघडला नाही.

बिलात चिपा, सॉकेट आणि दोन दिवसांची मजुरी एवढेच लिहिले. गेले होते तीन आठवडे. पण त्यांतले दोन आमच्याच तपासणी प्रोग्रॅमने खाल्ले होते, त्यांचे पैसे मास्तरांकडून कसे मागायचे? मास्तरांनी बिल दोनदा वाचले, पैसे दिले आणि पुढच्या महिन्यात त्यांच्या एका जुन्या सहकाऱ्याचे तसेच यंत्र दुकानात आणून ठेवले. त्याच्या पिना अधिकच काळ्या होत्या.