हमालाचे तीन पाय

ठाणे, नौपाडा. श्रावणातली दुपार, पावसाची उघडीप.

टेबलावर वीतभर कागद: एकोणिसाव्या शतकातल्या मुंबईच्या भर बाजाराचं पेन्सिलचित्र. सही नाही, तारीख नाही. डाव्या कडेला शिवणीची पाच भोकं, म्हणजे हे वहीतून सुटलेलं पान. सही नाही हे एका परीने बरंच, नाव वाचून मत बनवायची सोय राहत नाही.

आधी खोली अंधारी करून टॉर्च डावीकडून, कागदाला जवळजवळ टेकवून धरला. शिसपेन्सिलीची रेघ अशा उजेडात करडी चकाकते, दाबून ओढलेली असेल तर बारीक खोबणही दिसते. शिळाछापाच्या, म्हणजे दगडावरून छापलेल्या चित्राच्या शाईला ना ती चकाकी, ना खोबण. गर्दीच्या टोकाची दोन 'डोकी' मात्र दहापट भिंगाखालीही चकाकली नाहीत. ते दमट हवेचे तपकिरी डाग निघाले.

मग कोण आधी, कोण नंतर. सज्जाच्या कठड्याची रेघ पानवाल्याच्या पगडीपाशी थांबते आणि पलीकडे पुन्हा सुरू होते: माणूस आधी, घर नंतर. उजवीकडच्या दोन बायकांच्या अंगातून मात्र दुकानाची फळी आरपार जाते, म्हणजे दुकान तयार होतं, बायका त्यावर आल्या. जागा भरायला त्या घरी बसून घातल्या असतील, असं कुणी म्हणेल. मला पटत नाही. त्यांच्या पदराची रेघ बाकीच्या गर्दीइतकीच घाईची आहे.

सगळ्यात मोलाचा आहे मधला हमाल. त्याला तीन पाय आहेत. खोडायचं राहून गेलं, असं समजून बघणारे पुढे सरकतात आणि तिथेच चित्र हातचं जातं. मान आणि ओझं एकाच ठाम रेघेत आहे, पाय मात्र दोनदा-तीनदा गिरवलेले. जांभळी नाक्याला सकाळी डोक्यावर टोपली घेतलेल्या माणसाकडे दहा सेकंद बघावं: ओझ्याखाली मान हलत नाही, कमरेपासून खाली सगळं हलतं. चित्रकाराने जे स्थिर दिसलं ते एकदा काढलं, जे पळत होतं त्याचा पाठलाग केला. चेहरे थोडे आणि पाठी जास्त, तेही त्याचमुळे. चेहरा टिपेपर्यंत माणूस पुढे गेलेला असतो.

काळ ठरवताना चूक होते ती 'नाही'वर भरवसा ठेवल्याने. रस्त्यात रूळ आहेत, त्यांवर घोड्यांची ट्राम. मुंबईत ती ९ मे १८७४ ला सुरू झाली, तेव्हा चित्र त्याआधीचं नाही. हा पक्का पुरावा. राजाबाई टॉवर दिसत नाही म्हणून चित्र १८७८ च्या आधीचं, हे मात्र चालणार नाही. बाजाराच्या गल्लीतून तो दिसायलाच हवा असं कुठे आहे? पाणठशाचंही (उजेडासमोर धरल्यावर कागदात दिसणाऱ्या खुणेचंही) तसंच. व्हॉटमन या इंग्रजी कारखान्याच्या कागदात पुष्कळदा वर्ष सापडतं, पण ते कागद बनल्याचं, वही त्यानंतर कितीही वर्षं पेटीत पडून राहू शकते. या पानावर नावाचं अर्धंच अक्षर उरलंय, बाकीचं कापलं गेलंय.

खोडरबर कुठेही लावायचा नाही. मऊ कुंचलाही फक्त कोऱ्या समासात, कारण सुटं शिसं कुंचल्याने पसरतं आणि कडेचा घोडा ढग होऊन बसतो. आर्द्रता ७८ टक्के दाखवतेय. प्लॅस्टिकच्या फोल्डरात दमटपणा कोंडतो, म्हणून पान आम्लरहित कागदात गुंडाळून पुठ्ठ्याच्या पेटीत ठेवलं. पाठीमागे पेन्सिलीने काही आकडे आहेत, ते हवा कोरडी झाल्यावर.