मॉरिशसचा निरोप घेताना

येत्या आठवड्यात मॉरिशसमधील माझा अध्यापनाचा कार्यकाळ संपत आहे, आणि सामान बांधण्यापेक्षा मुलांच्या वह्या तपासून देणे मला अधिक निकडीचे वाटते. 1834 पासून उसाच्या मळ्यांवर करारबद्ध मजूर म्हणून जे भारतीय येथे आणले गेले, त्यांत कोकणातील कुटुंबेही होती. त्यांचे वंशज घरी बहुधा क्रिओल बोलतात, शाळेत इंग्रजी आणि फ्रेंच शिकतात, आणि तरीही मराठीच्या तासाला उत्साहाने येऊन बसतात, याचे मोल मला महाराष्ट्रात राहून कळले नसते.

‘ळ’ आणि ‘ण’ यांनी आम्हांला पुष्कळ झुंजवले. एक मुलगी डोळे घट्ट मिटून, जीभ टाळूला लावून ‘फळा’ म्हणायची आणि जमले की सगळ्या वर्गाकडे विजयी नजरेने पाहायची. मात्र गणेशचतुर्थीला, जिची येथे सार्वजनिक सुटी असते, वर्गात अडखळणारी हीच मुले झाकरी या लोकनृत्याच्या फेरात पदे न चुकता म्हणत. व्याकरणाआधी गाणी शिकवावीत, असे माझे ठाम मत तेव्हापासून झाले.

आजीआजोबांकडून उतरवून घेतलेल्या पदांची एक वही मी नव्या शिक्षकांसाठी ठेवून जात आहे. तीतील काही पदे अपुरी आहेत. ती ज्यांना पूर्ण येतात ती माणसे आता थकली आहेत, तेव्हा पुढच्या गणेशोत्सवाची वाट न पाहता त्यांच्याकडे जावे, असे मी पहिल्याच पानावर लिहिले आहे.