तुम्ही विचारलंत म्हणून: "फ्रान्समध्ये सासूबाईंच्या जेवणाचं काय केलंत?"

परत आल्यापासून हा प्रश्न किमान वीसेक जणांनी विचारलाय. आयफेल टॉवर कसा वाटला हे नंतर, आधी हे. कारण आमच्या आई म्हणजे पक्क्या शाकाहारी, अंडंसुद्धा नाही, आणि मी पण बॅगेत मेतकूट, भाजणी, लाडू असं सगळं भरूनच निघाले होते.

तर खरं सांगू का, प्रॉब्लेम शाकाहाराचा झालाच नाही फारसा. झाला तो वेळेचा!

पहिल्याच दिवशी आयफेल टॉवरच्या लायनीत उभं राहून, दुसऱ्या मजल्यापर्यंतच्या ६७४ पायऱ्या मुलाच्या हट्टापायी मी चढून (आई आणि हे लिफ्टने, शहाणे), खाली उतरलो तेव्हा तीन वाजले होते आणि पोटात कावळे. जवळच्या हॉटेलात गेलो तर टेबलं रिकामी, वेटर उभा, पण किचन बंद. दुपारचं जेवण साधारण बारा ते दोन, मग थेट संध्याकाळी सात-साडेसातला. मधे कॉफी प्या. शेवटी बेकरीतून बगेत, म्हणजे तिकडचा लांबुळका पाव, घेतला, चीज घेतलं आणि बाकावर बसून खाल्लं. आईंनी वर मेतकूट भुरभुरवलं. छान लागतं, हसू नका.

त्यात आईंना दिवेलागणीला जेवायची सवय. आम्ही गेलो जूनमध्ये, तेव्हा पॅरिसमध्ये सूर्य मावळतो रात्री दहाच्या सुमारास! त्या रोज खिडकीतून बघायच्या आणि म्हणायच्या, "अजून दुपारच आहे गं."

मग पॅरिसमधल्याच मोंपार्नास स्टेशनजवळची क्रेपवाली (क्रेप म्हणजे तिकडचं पातळ धिरडं) गल्ली सापडली. ब्रिटनीहून, म्हणजे फ्रान्सच्या पश्चिमेकडच्या प्रांतातून, येणाऱ्या गाड्या त्याच स्टेशनला लागतात, म्हणून तिकडच्या लोकांनी तिथे दुकानं थाटली म्हणे. तिथे गव्हाचा गोड क्रेप असतो आणि बकव्हीटची तिखटमिठाची गालेत, म्हणजे अगदी आपलं काळपट धिरडं, कडेने कुरकुरीत. बकव्हीट म्हणजे कुट्टू, दिल्लीकडे उपासाला चालतो तोच. हे मी सांगितल्यावर आईंना एकदम घरच्यासारखं वाटायला लागलं. फक्त आठवणीने "हॅम नको, अंडं नको" सांगायचं, कारण नेहमीच्या गालेतमध्ये चीजबरोबर हे दोन्ही असतंच. आणि दारातून आत शिरताना आधी "बोंजूर", म्हणजे नमस्कार, म्हणायचं, मग बाकीचं. न म्हणता सरळ ऑर्डर सुरू केली की समोरच्याचा चेहरा बघण्यासारखा होतो.

एक मात्र सांगून ठेवते, कांद्याचं सूप. नाव ऐकून आई खूश झाल्या होत्या, मी सहज विचारलं म्हणून कळलं की ते गोमांसाच्या स्टॉकमध्ये करतात. बऱ्याच ठिकाणी तसंच असतं, तेव्हा नुसत्या नावावर जाऊ नका. पाणी मागताना "काराफ दो" म्हणा, नळाचं पाणी फुकट मिळतं, नाहीतर बाटलीचं बिल लागतं. लूव्र म्युझियम मंगळवारी बंद आणि व्हर्सायचा राजवाडा सोमवारी, हेही लिहून ठेवा. मोनालिसाबद्दल मी काही बोलत नाही, गर्दीत मला माणसांचे मोबाईलच दिसले.

पण आईंचा खरा जीव रमला तो दक्षिणेला समुद्रकाठच्या नीस शहरात. जुन्या गावातल्या गल्ल्यांमध्ये सोका नावाचा प्रकार मिळतो, चण्याचं पीठ, पाणी, ऑलिव्हचं तेल आणि मीठ, मोठ्या तांब्याच्या थाळ्यात लाकडाच्या भट्टीत भाजतात, वर मिरी. कागदात गरमगरम तुकडे देतात, हाताने खायचे. आईंनी पहिला तुकडा तोंडात टाकला आणि माझ्याकडे अशा बघायला लागल्या जणू मीच मागच्या दाराने जाऊन करून आणलंय. तीन दिवसांत चार वेळा गेलो तिथे. समुद्रावर फिरायचं राहिलं तरी चालेल, सोका चुकवायचा नाही असा नियमच झाला होता.

आता शेजारच्या काकू त्यांना हाच प्रश्न विचारतात तेव्हा त्या म्हणतात, "अहो, पिठलं मिळतं की तिथे! जरा घट्ट असतं एवढंच. आणि मिरची आपण न्यायची."