लाएतोलीची पावले

न्गोरोंगोरो या जुन्या ज्वालामुखीच्या विवराचा कडा उतरलो, तसे धुके मागे पडले आणि सेरेंगेटीपर्यंत पसरलेले कोरडे माळरान सुरू झाले. उत्तर टांझानियातील या माळाला पडलेली सुमारे ९० मीटर खोल भेग म्हणजे ओल्डुवाई घळ. मसाई लोक तिला ओल्डुपाई म्हणतात. काठावर वाढणाऱ्या रानटी घायपातीचे हे नाव युरोपीय पाहुण्यांनी चुकीचे ऐकले आणि नकाशांवर तसेच राहिले.

काठावरून समोर पाहिले की थर ओळखू येतात: तळाशी काळा बसाल्ट, वर करडे थर, मध्येच एक ठसठशीत लाल पट्टा. आसपासच्या ज्वालामुखींची राख या थरांमध्ये आहे आणि काळ मोजायचे साधन तीच आहे, कारण तिच्यातील पोटॅशियमचा काही अंश अतिशय सावकाश अरगॉन वायूत बदलतो आणि साचलेल्या अरगॉनवरून तिचे वय काढता येते. १७ जुलै १९५९ रोजी पुरातत्त्वज्ञ मेरी लीकी यांना येथे माणसाच्या एका प्राचीन नातलगाच्या कवटीचे दात दिसले. त्या थराचे वय साडेसतरा लाख वर्षे निघाले, तेव्हा मानवाच्या इतिहासाचे जुने अंदाज कोलमडले. (आपल्या कुकडीकाठी, बोरी गावातही ज्वालामुखीची राख आणि दगडी हत्यारे सापडली आहेत, त्या राखेच्या वयावर मात्र संशोधकांचे एकमत नाही.)

पण मी इतक्या लांब आलो होतो तो पावलांसाठी. घळीच्या दक्षिणेस सुमारे ४५ किलोमीटरवर लाएतोली आहे. तेथे ३६ लाख वर्षांपूर्वी राख पडली, तिच्यावर पावसाचा शिडकावा झाला आणि त्या ओल्या राखेवरून कोणी दोन पायांवर चालत गेले. राख सिमेंटसारखी घट्ट झाली, पावसाच्या थेंबांचे खळगेसुद्धा तिच्यात टिकले. १९७८-७९ मध्ये लीकींच्या पथकाने २७ मीटर लांबीची ही वाट उघडी केली. पुढे तिच्यावर घातलेल्या मातीत बाभळीच्या जातीची झाडे रुजली आणि मुळांचा धोका निर्माण झाला, म्हणून १९९०च्या दशकात झाडे काढून ती पुन्हा काळजीपूर्वक झाकण्यात आली. हे योग्यच झाले असे मला मनापासून वाटते. ओल्डुवाईच्या संग्रहालयात तिचा साचा आहे, तो पाहून माझे समाधान झाले.

साच्याजवळ मी बराच वेळ बसून होतो. टाच खोल रुतलेली आहे, तळव्याची बाहेरची कड दिसते, आणि अंगठा इतर बोटांच्या रांगेत, पुढे रोखलेला आहे. चिंपांझीच्या पायाचा अंगठा आपल्या हाताच्या अंगठ्यासारखा बाजूला वळलेला असतो, कारण त्याला फांदी धरायची असते. येथे फांदी धरणे सुटले आहे. ही पावले ज्यांची मानली जातात त्या ऑस्ट्रेलोपिथेकस अफारेन्सिस या मानवपूर्व जातीचा मेंदू आपल्या मेंदूच्या जेमतेम एक तृतीयांश होता, आणि आजवर सापडलेली सर्वांत जुनी दगडी हत्यारे ३३ लाख वर्षांपूर्वीची आहेत. म्हणजे आधी चाल बदलली. हत्यारे आणि मोठा मेंदू पुष्कळ नंतर आले. माणूस बुद्धीमुळे उभा राहिला, असे मी शाळेपासून मानत आलो होतो.

धाकट्या पावलावर मी अंतर धरून वीत ताणली. ते वीतभरही नाही, १८ सेंटिमीटरांच्या आसपास आहे. शेजारून मोठी पावले जातात आणि त्यांच्यातच पाय टाकत आणखी कोणी गेलेले आहे. लाएतोलीला ही सगळी पावले उत्तरेकडे जातात आणि जेथे पाण्याने थर खरवडला आहे, तेथे तुटतात.