तुम्ही विचारलंत म्हणून: शौलच का?

संडे स्कूलच्या मुलांपासून मंडळीतल्या वडीलधाऱ्यांपर्यंत सगळे हेच विचारतात: दावीदासारखा राजा असताना तुम्ही त्याच्या आधीच्या, इस्राएलच्या पहिल्या राजाची, शौलाची बाजू का घेता? त्याने दावीदावर भाला फेकला, नोब गावच्या 85 याजकांची कत्तल करवली, हे मीही वाचलंय. नोबचं समर्थन मी केलेलं नाही, करणारही नाही.

पण बायबलमधल्या शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकातला 28वा अध्याय एकदा सावकाश वाचा. शत्रूचा, पलिष्ट्यांचा, तळ शुनेमला, शौलाचा गिलबोवा डोंगरावर. परमेश्वर स्वप्नातून, ऊरीमातून (याजकाच्या कौलातून), संदेष्ट्यांतून, कशातूनच उत्तर देत नाही. भूतविद्या जाणणाऱ्यांना त्यानेच देशातून हाकललेलं. आता तोच वेश पालटून रात्री एन-दोरला अशाच एका बाईच्या दारी जातो. एन-दोर शुनेमच्या पलीकडे, म्हणजे शत्रूच्या तळाला वळसा घालून. तिथे तिने बोलावलेला मेलेला संदेष्टा शमुवेल सांगतो, उद्या तू आणि तुझे मुलगे माझ्याजवळ असाल. शौल जमिनीवर आडवा कोसळतो. दिवसरात्र पोटात अन्न नाही. त्याच्याच हुकमाने जिचा जीव जायचा ती बाई म्हणते, मी जीव मुठीत धरून तुमचं ऐकलं, आता तुम्ही माझं ऐका, घासभर खा. तो नको म्हणतो. चाकरांनीही गळ घातल्यावर उठून पलंगावर बसतो. ती घरचं पोसलेलं वासरू कापते, पीठ मळते, बेखमीर भाकरी भाजते. तो जेवतो आणि त्याच रात्री परत निघतो. मरण ठरलंय हे ठाऊक असून परत रणावर! हे तुम्ही मुलांना का सांगत नाही?

पूर्वी मीही शिकवायचे, आज्ञा मोडली की असंच होतं. "मी पाप केलं आहे" हे शौलही म्हणाला आणि दावीदही. मग बायकोसाठी आपल्याच सैनिकाला, उरीयाला, मारवणाऱ्या दावीदाचं राज्य राहिलं, शत्रू अमालेक्यांची मेंढरं मारायची आज्ञा असून ती जिवंत ठेवणाऱ्या शौलाचं गेलं, असं कसं? तेव्हाची मी म्हणाली असती, शौलाने आधी लोकांवर ढकललं, दावीदाने सबब सांगितली नाही. खरं आहे. शिक्षा म्हणून दावीदाचं मूल गेलं, हेही खरं. तरी माझं मन मानत नाही.

रणात मेलेल्या शौलाचं, पलिष्ट्यांनी बेथ-शान शहराच्या भिंतीवर टांगलेलं प्रेत काढायला याबेश-गिलादची माणसं रात्रभर चालून आली. पूर्वी अम्मोन्यांचा राजा नाहाश त्यांचे उजवे डोळे फोडणार होता, तेव्हा धावला होता शौलच. त्यांना का नाही विचारत, त्याची बाजू का घेतलीत म्हणून?